आकडा लाल आला म्हणून लगेच गाठ शोधायला निघू नका

ठाणे स्टेशनच्या पश्चिमेला बाहेर पडलं की हातात पत्रकं कोंबली जातात. पूर्वी ती क्लासेसची आणि घोडबंदर रोडवरच्या फ्लॅटची असत, आता त्यांत 'फुल बॉडी चेकअप'चीही भर पडली आहे. थायरॉइड, कॉर्टिसॉल, प्रोलॅक्टिन, व्हिटॅमिन डी, वर एखादा 'कॅन्सर मार्कर', सगळं एका पॅकेजात आणि घरी येऊन सॅम्पल. मी ठाण्यातच एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, त्यामुळे मी यावर बोलणं म्हणजे आपल्याच पोटावर पाय आणणं आहे. तरी सांगते, हार्मोनच्या तपासण्या पॅकेजात घ्यायच्या नसतात. हिमोग्लोबिनचा आकडा एकटाही बरंच काही सांगून जातो. हार्मोनचं तसं नाही. रक्त किती वाजता घेतलं, त्या दिवशी कोणत्या गोळ्या पोटात होत्या आणि त्याच्या जोडीदार हार्मोनचा आकडा किती होता, हे माहीत नसेल तर नुसत्या आकड्यावरून कोणीच काही ठरवू शकत नाही.

जोडीदार हार्मोन म्हणजे काय, हे सोसायटीच्या गच्चीवरच्या टाकीवरून पटकन कळतं. टाकी रिकामी होत आली की खालचा पंप चालू होतो, भरली की बंद. थायरॉइडचं हार्मोन म्हणजे टाकीतलं पाणी आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या, वाटाण्याएवढ्या पिट्युटरी ग्रंथीतून सुटणारं टीएसएच म्हणजे पंप. म्हणून टीएसएच वाढलेलं दिसलं की थायरॉइड कमी पडतंय असं म्हणतात. टीएसएच जास्त म्हणजे थायरॉइड जास्त, असा उलटा समज करून घेऊन गोळी बंद केलेले कितीतरी लोक काउंटरवर भेटतात. पण टी-४ (थायरॉइडचं हार्मोन) कमी असूनही टीएसएच वाढलेलंच नसेल, तर टाकी रिकामी असून पंप लागत नाही असा त्याचा अर्थ. बिघाड मग गळ्यात नसून पिट्युटरीत असू शकतो, आणि नुसतं टीएसएच पाहणाऱ्याला रिपोर्ट छान नॉर्मल वाटतो.

हार्मोनच्या बहुतेक अवघड तपासण्या याच पंपाच्या युक्तीवर चालतात. हार्मोन जास्त आहे असा संशय असेल तर टाकी मुद्दाम भरून पंप थांबतो का ते बघायचं. शरीरात कॉर्टिसॉल, म्हणजे किडनीवरच्या ॲड्रिनल ग्रंथींचं ताणाचं हार्मोन, खरंच जास्त आहे का, हे तपासताना रात्री अकराला डेक्सामेथासोन या कॉर्टिसॉलसारख्या स्टिरॉइडची १ मिलिग्रॅमची गोळी देतात आणि सकाळी आठला रक्त घेतात. निरोगी माणसाचं कॉर्टिसॉल त्या गोळीने डेसिलिटरला १.८ मायक्रोग्रॅमच्या खाली बसतं. नाही बसलं तर कुठला तरी पंप आपल्या मर्जीने चालू आहे, म्हणजे कुशिंग सिंड्रोमची शंका. हार्मोन कमी असल्याचा संशय असेल तर उलटं करायचं: ॲड्रिनलला कामाला लावणाऱ्या, पिट्युटरीतल्या एसीटीएच हार्मोनचं बाहेरून इंजेक्शन देऊन ॲड्रिनल ग्रंथी दाद देते का ते पाहायचं.

वेळेचं म्हणाल तर कॉर्टिसॉल पहाटे चढतं, सकाळी सर्वांत जास्त असतं आणि मध्यरात्री तळाला जातं. दुपारी चारला घेतलेल्या रक्तातलं कॉर्टिसॉल सकाळच्या रेंजशी ताडून बघण्यात अर्थ नाही. ऐरोली-महापेच्या कंपन्यांत रात्रपाळी करणाऱ्यांची तर दिवस-रात्रच उलटी. त्यांचं शरीर घड्याळाच्या आठला सकाळ मानतंच असं नाही. कुशिंगसाठी रात्री उशिरा लाळेतलं कॉर्टिसॉल बघण्याची एक चांगली तपासणी आहे, पण ती रात्रपाळीवाल्यांसाठी भरवशाची धरत नाहीत. फॉर्मवर 'नाइट शिफ्ट' लिहायची जागा नसते, म्हणून डॉक्टरांना आपणहून सांगा.

आता ज्या गोष्टीने माझं डोकं सर्वांत जास्त फिरतं तिच्याकडे येते. ॲसिडिटीची कॅप्सूल.

समजा, कळव्याची एक शिक्षिका आहे, वय पस्तीस. पाळी दोन-तीन महिने चुकली. गॅसचा त्रास आहेच, म्हणून केमिस्टकडून कॅप्सूल आणून रोज सकाळी घेते. तिच्या लेखी ते औषधच नाही, आपल्याकडे ॲसिडिटीची गोळी औषधात कोण मोजतं? प्रोलॅक्टिन, म्हणजे अंगावर दूध आणणारं हार्मोन, वाढलं की पाळी चुकते, म्हणून ते तपासलं, ९० आलं. नॉर्मल २५ च्या आसपास संपतं. नेटवर शोधलं तर 'पिट्युटरी ट्यूमर'. रात्रभर झोप नाही, दुसऱ्या दिवशी एमआरआयची चौकशी. तिच्या कॅप्सूलच्या पट्टीमागे बारीक अक्षरात काय लिहिलंय? रॅबेप्राझोल आणि लेव्होसल्पिराइड. काहींमध्ये लेव्होसल्पिराइडऐवजी डॉमपेरिडोन असतं. मेंदूतून येणारं डोपामिन प्रोलॅक्टिनला लगाम घालून ठेवतं. ही दोन्ही औषधं नेमका तोच लगाम सैल करतात. म्हणजे आकडा खरा, मशीन बरोबर, लॅबही बरोबर, फक्त कारण गाठ नसून कॅप्सूल. प्रोलॅक्टिन तयार करणारी मोठी गाठ असते तेव्हा आकडा बहुधा २०० च्या पुढे जातो. अर्थात गोळ्यांमुळेही काही वेळा तेवढा चढतो, म्हणून नुसत्या आकड्यावरून फैसला नको. टीएसएच फार वाढलेलं असलं तरी प्रोलॅक्टिन वाढतं, आणि गर्भारपणात तर वाढतंच. म्हणजे एमआरआयच्या आधी गोळ्यांची यादी, टीएसएच आणि प्रेग्नन्सी टेस्ट. खरोखर गाठ निघालीच, तरी आठवड्यातून एक-दोनदा घ्यायच्या कॅबरगोलिनच्या गोळ्यांनी बहुतेक जणींची गाठ ऑपरेशनशिवाय आटते.

तीच कॅप्सूल दुसरीकडेही घोळ घालते. पॅकेजातला तो 'कॅन्सर मार्कर' कधी कधी क्रोमोग्रॅनिन ए असतो. न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर, म्हणजे हार्मोन बनवणाऱ्या पेशींच्या गाठी, यांच्यासाठी तो वापरतात. आता रॅबेप्राझोल, पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल यांनी जठरातलं आम्ल कमी होतं. आम्ल कमी झालं म्हणून शरीर गॅस्ट्रिन वाढवतं. गॅस्ट्रिनमुळे जठरातल्या काही पेशींना चेव येतो आणि क्रोमोग्रॅनिन ए कित्येक पटींनी वर जातं. किडनी कमजोर असली तरी जातं. म्हणून ही तपासणी करायचीच असेल तर डॉक्टरांना विचारून अशी गोळी साधारण दोन आठवडे बंद ठेवून करतात. निरोगी माणसाने गंमत म्हणून ती करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. केस गळू नयेत म्हणून खाल्लं जाणारं बायोटिनही याच जातीचं. त्याने काही मशीनवर थायरॉइडचे रिपोर्ट इतके बिघडतात की धडधाकट माणूस कागदावर थायरॉइड वाढल्याचा पेशंट दिसतो. काउंटरवरची मुलगी "काकू, सकाळी कोणती गोळी घेतली का?" असं विचारते, तेव्हा थायरॉइडच्या गोळीबरोबर केसांची आणि गॅसचीही सांगा.

आणि मलमं, पुड्या. चेहरा गोल होत चाललाय, पोट सुटतंय पण हातपाय बारीक, कातडीवर जांभळट चरे, जरा धक्का लागला की काळंनिळं. हे कुशिंगचं पुस्तकी वर्णन, पण त्याचं सर्वांत नेहमीचं कारण गाठ नव्हे, बाहेरून पोटात किंवा अंगावर गेलेलं स्टिरॉइड. नायट्याला महिनोन्‌महिने चोळलेलं क्लोबेटासॉल, गोरं होण्यासाठी लावलेलं बेटामेथासोन, गुडघेदुखीवर कुणीतरी दिलेली बिननावाची पुडी जिने 'दोन दिवसांत चालायला लागलो'. असं काही फार दिवस घेतलं असेल तर एका झटक्यात बंदही करू नये. आयतं मिळत होतं म्हणून ॲड्रिनल ग्रंथी झोपलेली असते. अचानक तोडलं तर बीपी कोसळून जिवावर बेतू शकतं. डॉक्टर हळूहळू कमी करतात.

एंडोक्रायनॉलॉजीतला, म्हणजे हार्मोनच्या शास्त्रातला, एक महत्त्वाचा नियम एका ओळीचा आहे: आधी रक्त-लघवी, मग स्कॅन. याचं कारण असं की निरुपद्रवी गाठी कितीतरी जणांकडे असतात. कसलीही तक्रार नसलेल्या लोकांचे मेंदू तपासले तर साधारण १० टक्क्यांच्या पिट्युटरीत छोटी गाठ सापडते. मुतखड्यासाठी पोटाचा सीटी केला आणि ॲड्रिनलवर गाठ दिसली, हेही नेहमीचं. त्यातल्या बहुसंख्य जन्मभर काही करत नाहीत. म्हणून हार्मोन जास्त आहे हे आधी सिद्ध करायचं आणि मगच ते कुठून येतंय ते शोधायचं. उलट्या क्रमाने गेलात तर निष्पाप गाठीवर सुरी चालते आणि खरी गाठ तशीच राहते. अर्थात सीटीत ॲड्रिनलची गाठ आपसूक सापडलीच, तर ती 'काही नाही' म्हणून फाइलबंदही करायची नसते. तिच्यातून कॉर्टिसॉल किंवा ॲड्रिनलिनच्या घराण्यातले हार्मोन सुटत नाहीत ना, हे एकदा तपासावं लागतं. बीपी असेल तर ते वाढवणारं अल्डोस्टेरॉन हे ॲड्रिनलचं हार्मोनही.

मुतखड्यावरून आठवलं. परत परत खडे होणाऱ्या माणसाचं रक्तातलं कॅल्शियम कुणी बघितलेलं नसतं, असं अजून घडतं. कॅल्शियम जास्त आणि पॅराथायरॉइड हार्मोनही जास्त, तर गळ्यातल्या तांदळाच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथींपैकी एखादी फुगलेली असते. ती काढली की खड्यांचं मूळच जातं. तपासणी स्वस्त आहे, मागून घ्या.

लघवीच्या तपासणीवर थोडं जास्त बोलते, कारण ती जितकी साधी दिसते तितकी चुकते. २४ तासांची लघवी जमवायची असते. लॅबमधून मोठा कॅन मिळतो, काही तपासण्यांसाठी त्यात आधीच आम्ल घातलेलं असतं. ते ओतून द्यायचं नाही, कॅन विसळायचाही नाही आणि थेट कॅनमध्ये लघवी करायची नाही. उडालं तर भाजतं. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी टाकून द्यायची, ती वेळ लिहून ठेवायची, तिथून पुढची प्रत्येक वेळची मगमधून कॅनमध्ये आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळची शेवटची धरून बंद. मधली एक जरी कमोडमध्ये गेली तरी हिशेब चुकला, आम्हाला सांगा आणि नवा कॅन घ्या. लोक लाजतात, सांगत नाहीत. रविवारी घरी असताना करावं आणि सोमवारी सकाळी आणून द्यावं हे उत्तम, कारण तो कॅन पिशवीत घालून ठाणे-वाशी लोकलच्या गर्दीतून ऑफिसला नेणं फार अवघड होतं. ५-एचआयएए, म्हणजे सिरोटोनिन या हार्मोनचं विघटन होऊन लघवीतून जाणारं द्रव्य, त्याच्या तपासणीआधी तीन दिवस केळं, अननस, टोमॅटो, अक्रोड बंद. शिकरण नाही, टोमॅटोचं सारही नाही. ही पथ्यं चुकली तर पुन्हा लाल आकडा आणि पुन्हा रात्रभर जागरण.

ही एवढी खटपट ज्यासाठी, ते आजार बहुतेकदा वेगळ्याच नावाने वर्षानुवर्षं नांदत असतात. बीपी अचानक भडकणं, डोकं फुटल्यासारखं दुखणं, दरदरून घाम आणि छातीत धडधड, दहा-पंधरा मिनिटांत सगळं शांत. याला पॅनिक अटॅक म्हणून सोडून देतात. बहुतेक वेळा ते खरंही असतं. क्वचित त्यामागे फिओक्रोमोसायटोमा असतो, ॲड्रिनलिनसारखी द्रव्यं सोडणारी गाठ. त्या द्रव्यांपासून बनणाऱ्या मेटॅनेफ्रिनची तपासणी तिच्यासाठीच. या गाठीत धडधड थांबवायला आधी बीटा-ब्लॉकर देणं धोक्याचं, बीपी आणखी उसळू शकतं. अल्फा-ब्लॉकर आधी सुरू करून, दहा-चौदा दिवस मीठ-पाणी वाढवून तयारी झाली की मगच ऑपरेशन.

दुसरं उदाहरण इन्सुलिनोमाचं. संकष्टीचा कडक उपास, चंद्रोदयाला अजून तासभर. घरातली बाई असंबद्ध बोलायला लागते, नजर शून्यात, हाक मारली तर ओळख नाही. कुणी गूळ तोंडात घालतं आणि पाच-दहा मिनिटांत ती भानावर येते, मधलं काही आठवत नाही. एकदा झालं तर उपास बाधला. परत परत झालं तर घरात कुजबुज सुरू होते, अंगात येतं, बाहेरचं आहे. कुणी फिटच्या गोळ्या सुरू करतं. पॅन्क्रियाजमधली दोन सेंटिमीटरहूनही लहान गाठ, उपास असो नसो, इन्सुलिन सोडत राहिली तर हुबेहूब असंच होतं. तीन गोष्टी जुळल्या पाहिजेत: लक्षणं, त्याच वेळी रक्तात साखर कमी, आणि साखर दिल्यावर लक्षणं जाणं. यासाठी पेशंटला दाखल करून डॉक्टरांच्या नजरेखाली उपास घडवतात, जास्तीत जास्त ७२ तास. बहुतेकांची साखर पहिल्या ४८ तासांतच पडते. ती ५५ च्या खाली गेली की त्या क्षणीचं इन्सुलिन आणि सी-पेप्टाइड तपासतात. साखर तळाला गेलेली असताना इन्सुलिन सुटायलाच नको. पंप चालूच आहे. सी-पेप्टाइड कशाला? कुणी बाहेरून इन्सुलिन टोचलं असेल तर सी-पेप्टाइड कमी येतं, शरीराने स्वतः बनवलं असेल तर दोन्ही वाढतात. घरात कुणाच्या डायबिटिसच्या गोळ्या असतील तर त्या चुकून पोटात गेल्या नाहीत ना, हेही तपासतात. हा उपास कृपया घरी करून बघू नका. इन्सुलिनोमा दहातले नऊ वेळा कॅन्सर नसतो आणि काढला की माणूस बरा.

इन्सुलिनोमा हाही न्यूरोएंडोक्राइन ट्यूमरच. या नावाशी आपली ओळख झाली मार्च २०१८ मध्ये, इरफान खानने आपल्या आजाराची बातमी दिली तेव्हा. मेंदूचा कॅन्सर असणार असंच अनेकांना वाटलं. प्रत्यक्षात या गाठी बहुतेक आतडं, पॅन्क्रियाज, जठर, फुप्फुस इथे होतात, आणि त्यातल्या पुष्कळशा कोणतंही हार्मोन जाणवण्याइतकं सोडत नाहीत. त्या पोटदुखीने किंवा दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या स्कॅनमध्ये सापडतात.

ज्या सोडतात, त्यांची एक चलाखी ऐकण्यासारखी आहे. लहान आतड्यातली गाठ सिरोटोनिन सोडते, पण आतड्याचं रक्त आधी लिव्हरमध्ये जातं आणि लिव्हर ते सिरोटोनिन तिथेच निकामी करतं. पेशंटला काहीच कळत नाही. गाठीचे कण लिव्हरमध्ये रुजले की मात्र तिथलं सिरोटोनिन सरळ हृदयाकडे जातं. मग चेहरा-मान लालबुंद होऊन तापणं, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, कधी दम लागणं, आणि पुढे हृदयाच्या उजव्या बाजूच्या झडपा खराब होणं. म्हणजे लक्षणं दिसेपर्यंत आजार बराच पसरलेला असतो. तोवर 'आयबीएस (आतड्याची कुरकुर) आहे, टेन्शन घेऊ नका' एवढंच ऐकलेलं असतं. साधा आयबीएस सहसा रात्री झोपेतून उठवत नाही. हा फरक लक्षात ठेवण्यासारखा.

बायोप्सी झाली की रिपोर्टमध्ये एक आकडा शोधा: केआय-६७. किती टक्के पेशी वाढीच्या तयारीत आहेत, ते तो सांगतो. ३ टक्क्यांखाली ग्रेड १, ३ ते २० ग्रेड २, त्यापुढे ग्रेड ३. ग्रेड १ चा पेशंट पुष्कळ वर्षं नीट जगू शकतो. ग्रेड ३ मध्ये 'न्यूरोएंडोक्राइन कार्सिनोमा' लिहिलं असेल तर तो वेगळाच, आक्रमक आजार. त्याला तातडीने केमोथेरपी लागते. नातेवाइकांनी व्हॉट्सॲपवर पाठवलेले अनुभव वाचण्याआधी आपली ग्रेड पाहावी. रिपोर्टमध्ये केआय-६७ नसेलच तर पॅथॉलॉजिस्टकडून मागून घ्यावं.

स्कॅनही वेगळा असतो. नेहमीच्या पेट स्कॅनमध्ये साखरेसारखं द्रव्य टोचतात. या सुस्त गाठी साखर फारशी खातच नाहीत, म्हणून त्यात त्या निसटू शकतात. पण त्यांच्या अंगावर सोमॅटोस्टॅटिन हार्मोनचे रिसेप्टर खच्चून भरलेले असतात. तिथे जाऊन चिकटणारा रेणू, डोटाटेट, गॅलियम-६८ ला जोडून सोडला की गाठी स्क्रीनवर उजळतात. आणि त्याच रेणूला गॅलियमऐवजी ल्युटेशियम-१७७ जोडलं की स्कॅनचं औषध होतं. तेच पेशीला चिकटतं आणि तिथेच किरण सोडून तिला मारतं. साधारण आठ आठवड्यांच्या अंतराने चार डोस. किडनी वाचावी म्हणून बरोबर अमिनो ॲसिडची सलाइन. डोटाटेट स्कॅनमध्ये गाठ उजळलीच नाही तर या उपचाराचा उपयोग नाही, म्हणून स्कॅन आधी.

हे औषध परदेशातून आणावं लागत असेल असं वाटतं ना? ल्युटेशियम मुंबईतल्याच ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीत बनतं, आणि अशी किरणोत्सारी औषधं देशभरच्या हॉस्पिटलांना पुरवणारी अणुऊर्जा विभागाची 'ब्रिट' ही संस्था चक्क वाशीत आहे. ल्युटेशियमचा जोर साडेसहा दिवसांहून थोड्या जास्त वेळात निम्मा होतो, म्हणून ते साठवून ठेवता येत नाही. तारीख ठरली की ती पाळायची. डोसनंतर काही दिवस लघवीतून किरणोत्सार जातो: बसून लघवी करायची, दोनदा फ्लश, आणि नातवंडं व गरोदर बाई यांच्यापासून लांब झोपायचं. वन बीएचकेमध्ये हे कसं जमणार, याचा विचार घरच्यांनी आधीच करून ठेवावा.

ल्युटेशियम ही पहिली पायरी मात्र नव्हे. काढता येण्यासारखी गाठ असेल तर ऑपरेशन हाच पूर्ण बरं करणारा उपाय. नाही तर महिन्यातून एकदा ऑक्ट्रिओटाइड किंवा लॅनरिओटाइडचं इंजेक्शन, त्याने जुलाब-लाली आटोक्यात राहते आणि गाठीची वाढही मंदावते. पित्ताशयात खडे होऊ शकतात, हा त्याचा दुष्परिणाम. दात काढण्यापासून हर्नियापर्यंत काहीही करायचं असलं तरी कार्सिनॉइडची, म्हणजे वर सांगितलेली लाली-जुलाबाची, लक्षणं असलेल्या पेशंटने भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधी सांगायचं.

दाखवायचं कुठे? दारावर 'डायबिटिस-थायरॉइड' लिहिलेला प्रत्येक जण एंडोक्रायनॉलॉजिस्ट नसतो. त्या विषयातलं डीएम किंवा डीएनबी आहे का, बघा. परळला केईएममध्ये या विषयाचा जुना, नावाजलेला विभाग आहे. गाठीसाठी टाटा आहेच, आणि खारघरचं ॲक्ट्रेक त्याचंच. तिथे जाताना सीडी, रिपोर्ट आणि गोळ्यांच्या पट्ट्या घ्या. यादी नको, पट्ट्याच. बायोप्सी दुसऱ्या लॅबमध्ये झाली असेल तर स्लाइड आणि मेणाचा ब्लॉक अर्ज करून मागून घ्या. नवे डॉक्टर पुन्हा बघतातच. ब्लॉक मे महिन्याच्या उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ठेवू नका. मेण आहे, वितळतं.